आधी जागा, मग फोटो: सामुदायिक नकाशाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

भूगोल किंवा आर्किटेक्चर शिकणारी मुलं आमच्याकडे वारसा-नकाशाच्या (लोकांच्या मदतीने शहरातल्या जुन्या जागा नकाशावर नोंदवण्याच्या) कामाला येतात तेव्हा मोबाइल फोटोंनी भरलेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: ‘हे सगळे नकाशावर चढवायचे कसे?’ चढवणं सोपं आहे. यूमॅपसारख्या मोफत साधनात अक्षांश-रेखांशाचे रकाने असलेली सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) टाकली की लगेच पिना, म्हणजे जागेच्या खुणा, दिसू लागतात. डोकं लागतं ते त्याआधी, एक पिन नेमकी कशाची हे ठरवताना.

माझं मत ठाम आहे: पिन फोटोची नसावी, जागेची असावी. मुंबईतले जुने मैलाचे दगड घ्या. फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून बसवलेले, वर रोमन आकडे कोरलेले. रस्ते उंच होत गेले तसे त्यातले काही फूटपाथमध्ये गाडले गेले. पुढे महापालिकेने काही मोकळे करून घेतले. म्हणजे एकाच दगडाचा गाडलेला असतानाचा फोटो वेगळा आणि साफसूफ झाल्यावरचा वेगळा. दर फोटोला पिन दिली तर नकाशावर एका दगडाचे चार दगड होतात. म्हणून आम्ही शीट दोन ठेवतो. एकीत दर जागेला एक ओळ आणि एक क्रमांक. दुसरीत दर फोटोला एक ओळ: जागेचा क्रमांक, फोटो कधीचा, कोणी काढला, कोणत्या परवान्याखाली (म्हणजे इतरांनी तो वापरण्याच्या कोणत्या अटींवर) दिला. नकाशा पहिल्या शीटवरून उभा राहतो, फोटो त्या क्रमांकाला लटकतात.

फोटोत आपोआप येणाऱ्या जीपीएसवर डोळे मिटून विसंबू नका. तो तुम्ही कुठे उभे होतात ते सांगतो. वरळीच्या किनाऱ्यावरून हाजी अलीचा फोटो काढलात तर पिन वरळीत पडणार. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहावर कॅमेऱ्याची जागा आणि वस्तूची जागा वेगवेगळी नोंदवता येते, ती सोय आपल्या शीटमध्येही ठेवावी. गिरगाव-भुलेश्वरच्या अरुंद गल्ल्यांत उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे पिन शेजारच्या वाडीत जाते. लोकलमधून उतरल्या उतरल्या काढलेल्या फोटोला कधी कधी मागच्याच स्टेशनची जागा चिकटलेली असते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर इमारतीची आकृती असेल तर तिच्याशी ताडून पिन हाताने सरकवा. गूगल मॅप्सवरून माहिती उचलून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये टाकायला मात्र परवानगी नाही; तिथे स्वतः पाहिलेलं किंवा खुल्या परवान्याचंच चालतं.

लोक फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि त्यात जागेची माहिती पुसली जाते. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे ग्रुपच्या वर्णनातच लिहून ठेवा. उलट, घरातून काढलेल्या फोटोंत जागा राहू देऊ नका. कोणाच्या बैठकीच्या खोलीचे अक्षांश-रेखांश जगाला कळायचं कारण नाही.

आकड्यांचा क्रमही सांभाळा. आपण आधी अक्षांश बोलतो. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइलमध्ये आधी रेखांश येतो. दादरचे १९.०२ आणि ७२.८४ उलटे पडले तर दादर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतं. दशांशानंतर पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटरपर्यंतचा नेमकेपणा. त्यापुढचे आकडे नुसती शोभा.

विभागवारी कशी करायची यावर आमच्याकडे चहाचे कितीतरी कप संपले आहेत. मुंबईकर स्टेशन आणि पूर्व-पश्चिम या हिशेबाने बोलतो, महापालिका वॉर्डाने, टपाल पिनकोडने. दादर पश्चिम जी उत्तरमध्ये, पूल ओलांडला की वॉर्ड बदलतो. वॉर्ड हाताने टाइप करू नका. वॉर्डाच्या सीमांची फाइल घेऊन क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जागेवरून जोडून घ्या (पिन ज्या सीमेत पडते त्या वॉर्डाचं नाव आपोआप भरतं), म्हणजे उद्या सीमा बदलल्या तरी एका फेरीत सगळं दुरुस्त होतं. नावांना मात्र जागा मोकळी सोडा: आजचं, जुनं, लोकांच्या तोंडचं. २०१८ मध्ये प्रभादेवी झालेलं स्टेशन कित्येकांसाठी अजून एल्फिन्स्टनच आहे, आणि ते शोधतातही त्याच नावाने.

मला सगळ्यात आवडतं काम म्हणजे लालबाग-परळकडच्या घरांतून येणारे अल्बममधले फोटो. स्कॅन केलेल्या फाइलची तारीख ही स्कॅनची तारीख असते, ती तशीच उचलायची नाही. फोटोत ट्राम धावताना दिसली तर तो ३१ मार्च १९६४ नंतरचा नाही, कारण त्या दिवशी मुंबईची ट्राम बंद झाली. गिरणीची चिमणी, दुकानाची पाटी, पुलाचा कठडा यांवरून जागा सापडते, पण बहुधा गल्लीपर्यंतच. अशा वेळी ‘नेमकी’, ‘गल्लीपर्यंत’, ‘विभागापर्यंत’ असा वेगळा रकाना भरायचा. घरातल्या आजींना फोटो दाखवून विचारलं तर आणखी चार गोष्टी कळतात. त्यांची परवानगी घेऊन त्या आठवणी फोटोच्या नव्हे, जागेच्या ओळीत टाका.

परवान्याचं एक. भारतीय कायद्यात सार्वजनिक जागेतल्या इमारती आणि पुतळ्यांचे फोटो काढून वापरायला मुभा आहे. भिंतीवरच्या चित्रांना ती लागू होत नाही, तेव्हा वांद्र्याची रंगीत भिंत खुल्या परवान्याने टाकण्याआधी चित्रकाराला विचारा.

नोकरीचं विचाराल तर क्यूजीआयएस मोफत आहे, ते शिकाच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरचे परवानगीचे नियम बरेच सैल केले, त्यामुळे खासगी कंपन्यांना हे काम करणं सोपं झालं आहे. मुलाखतीला जाताना नकाशाची लिंक दाखवाच, पण दोन्ही शीटही सोबत असू द्या. माझ्यासमोर उमेदवार बसला की मी शीट आधी उघडते. तारीख ठाऊक नव्हती तिथे त्याने ‘माहीत नाही’ लिहिलं आहे की काहीतरी ठोकून दिलं आहे, ते मला बघायचं असतं.