केफिर फार आंबट होतंय? दह्याच्या सवयी आधी सोडा

केफिर म्हणजे दुधात खास दाणे घालून आंबवलेलं, दह्यापेक्षा पातळ पेय; हे दाणे म्हणजे फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे दिसणारे मऊ गोळे, तेच त्याचं विरजण. रोज उत्तम दही लावणाऱ्यांचंच केफिर बिघडताना दिसतं, आणि त्यात नवल नाही. कोमट दूध, विरजण घालून ढवळणं, उबेला झाकून ठेवणं हे सगळं दह्यासाठी बरोबर आहे. केफिर मूळचं कॉकेशसच्या डोंगराळ भागातलं. त्याला 20 ते 25 अंश सेल्सिअस पुरतात. दूध तापवलं असेल तर पूर्ण गार होऊ द्या. बोटाला कोमट लागत असेल तर अजून थांबा. गरम दुधात पडलेले दाणे पुन्हा सावरतीलच असं नाही. बरणी गॅसच्या ओट्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका, तिथे ऊब असते.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दाणे न मोजणं. विरजण आपण अंदाजाने घालतो आणि ते चालूनही जातं. केफिरचे दाणे मात्र दर खेपेला थोडे वाढतात. सुरुवातीला अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा दाणे होते, काही आठवड्यांनी तेच दोन-तीन चमचे होतात. दूध तेवढंच, वेळही तेच 24 तास, मग केफिर जीभ आंबेल इतकं आंबट होतं आणि बोलणी खातो दूधवाला. जास्तीचे दाणे काढून कुणाला तरी द्या, नाहीतर दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात तर अर्ध्या लिटरला एक लहान चमचाही पुरतो आणि 10-12 तासांनीच बघायला लागायचं.

घड्याळापेक्षा बरणीकडे बघा. काचेच्या कडेला पिवळसर निवळीचे छोटे कप्पे दिसू लागले की गाळायची वेळ झाली. वर दही आणि खाली सगळं पाणी असं झालं असेल तर उशीर झालाय. ते टाकू नका. दाणे काढून घ्या आणि बाकीचं फडक्यात टांगा, आंबटसर चक्का छान होतो.

बिअरसारखा किंवा पावासारखा वास थोडासा आला तर घाबरायचं कारण नाही. दाण्यांत बॅक्टेरियांबरोबर यीस्टही असतं आणि ते किंचित अल्कोहोल बनवतंच. वास डोक्यात जाण्याइतका झाला, तर जागा गरम आहे असं समजा. एप्रिल-मेमध्ये बरणीला ओलं फडकं गुंडाळून ती पाण्याच्या परातीत ठेवली तर बराच फरक पडतो. व्हिनेगरसारखा वास हवेशी जास्त संबंध आल्याने येतो. अशा वेळी नुसतं फडकं न बांधता झाकण सैलसर ठेवा. घट्ट मात्र लावू नका, आत वायू साठतो.

दाणे धुवायला हात शिवशिवतात. तो मोह आवरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मानवत नाही. प्लास्टिकच्या गाळणीतून गाळून ते थेट ताज्या दुधात घाला. स्टीलची गाळणीही चालते. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको.

कडवटपणा बहुधा फार वेळ आंबवल्याचा असतो, किंवा दाणे बरेच दिवस फ्रिजमध्ये पडून राहिल्याचा. अशा दाण्यांचं पहिल्या एक-दोन खेपांचं केफिर थालीपिठाच्या पिठात घाला, प्यायला घेऊ नका. कुरियरने आलेल्या नव्या दाण्यांचं केफिर सुरुवातीला पातळ होतं, त्यावर उपाय करत बसू नका.

आंबटपणा मऊ करायचा असेल तर गाळलेल्या केफिरमध्ये संत्र्याच्या सालीचा एक तुकडा टाकून काही तास ठेवा आणि मग फ्रिजमध्ये टाका. सालीचा आतला पांढरा भाग खरवडून घ्या, नाहीतर कडू होईल. वेलचीनेही चव खुलते, पण माझं मत विचाराल तर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ.

गुलाबी किंवा नारिंगी डाग, केसाळ बुरशी, कुजका वास यांपैकी काहीही आढळलं तर चव घेऊन बघू नका. दाण्यांसकट सगळं फेकून द्या आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवा.