दोन रजिस्ट्रींचे दर शेजारी ठेवण्याआधी

इन्सिडन्स (नवे रुग्ण) आणि प्रिव्हलन्स (एकूण रुग्ण) यांतला फरक, कच्चा दर (वयाचा विचार न करता काढलेला), कोडिंग (निदानाला ठरावीक कोड देणं) हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. मला एकाच गोष्टीबद्दल सांगायचंय, कारण तिच्यात माझे दोन महिने गेले आणि ते अजून सलतात.

पहिल्याच प्रकल्पात मी दोन कॅन्सर रजिस्ट्रींचे (आपापल्या भागातल्या कॅन्सर रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रांचे) एज-स्टँडर्डाइज्ड दर, म्हणजे वयाच्या रचनेतला फरक काढून टाकलेले दर, शेजारी शेजारी मांडले. एकीचा दर दुसरीच्या दीडपटीहून जास्त. मी लगेच कारणांच्या मागे लागले: तंबाखू, वजन, तपासण्या. मसुदाही लिहून झाला. मग वर्षानुवर्षं कोडिंग करणाऱ्या एका ताईंनी तक्ता पाहून विचारलं, "दोन्हीकडे स्टँडर्ड पॉप्युलेशन एकच आहे ना?"

नव्हतं. स्टँडर्ड पॉप्युलेशन म्हणजे प्रमाण लोकसंख्या, जिच्यातले वयोगटांचे वाटे धरून दर काढतात ती ठरवून घेतलेली लोकसंख्या. एकीने जपानी संशोधक सेगी यांची १९६० ची जागतिक लोकसंख्या धरली होती, दुसरीने २०१३ ची युरोपीय. सेगींच्या लोकसंख्येत ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांचा वाटा ७ टक्के आहे, युरोपीयमध्ये १९.५ टक्के. आता एक काल्पनिक आजार घ्या: ६५ च्या पुढे लाखात १०००, त्याखाली लाखात १००. सेगी लावलं तर ७० अधिक ९३, म्हणजे १६३. युरोपीय लावलं तर १९५ अधिक ८०.५, म्हणजे साधारण २७५. रुग्ण तेच, वर्षं तीच, आजार तोच. कॅन्सर बहुतांशी उतारवयात होतो, म्हणून म्हाताऱ्यांना जास्त वजन दिलं की दर फुगतो. हे गणित कागदावर स्वतः करून बघा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका. "एज-स्टँडर्डाइज्ड" हा शब्द दिसला की आपण निर्धास्त होतो, आणि नेमके तिथेच फसतो.

उपाय अवघड नाही, घाबरू नका. तयार दर उचलायचेच नाहीत. पाच-पाच वर्षांच्या वयोगटातले रुग्ण आणि त्याच वयोगटांची लोकसंख्या मागायची, आणि एकच प्रमाण लोकसंख्या दोन्हींना लावायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे. कुणाची तयार स्क्रिप्ट मिळाली तरी पहिल्यांदा हाताने करा. स्क्रिप्टमध्ये कोणते भार (वयोगटांचे वाटे) भरलेत हे कुणी बघत नाही. आणि माझं स्पष्ट मत: नावाजलेल्या मार्गदर्शकाच्या पाच मिनिटांपेक्षा रजिस्ट्रीत नोंदी भरणाऱ्यांबरोबर बसलेले दोन दिवस जास्त शिकवतात. मृत्यूच्या दाखल्यावरूनच कळलेल्या केसेस किती आहेत, कुठलं हॉस्पिटल उशिरा माहिती देतं, हे त्यांनाच माहीत असतं.

उशिराचं निघालंच आहे म्हणून: शेवटच्या एक-दोन वर्षांत दर घसरलेला दिसला तर आनंदू नका, नोंदी यायच्या बाकी असू शकतात. उलट वाढ दिसली की धोका वाढला असंही समजू नका. दक्षिण कोरियात २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचा दर १९९३ च्या पंधरापट झाला होता, पण त्याने होणारे मृत्यू जवळपास तेवढेच राहिले. अल्ट्रासाउंडने शोध वाढला होता.

माझा मसुदा मी पूर्ण बदलला. एकाच लोकसंख्येवर मोजल्यावर तो फरक फारच थोडा उरला, आणि तोही बराचसा एकाच वयोगटात. खरा अभ्यास तिथून सुरू झाला. आता माझ्या प्रत्येक फाइलीत दराच्या शेजारचा रकाना प्रमाण लोकसंख्येचा असतो. तो रिकामा असेल तर तो दर मी तुलनेत घेत नाही.