थर्मोस्टॅट परत बसवला आणि अ‍ॅव्हरेज सुधारलं

माझी पेट्रोल गाडी सेकंडहँड. हायवेला कशीबशी १३ चं अ‍ॅव्हरेज द्यायची. प्लग, एअर फिल्टर, टायरमधली हवा, सगळं ठीक होतं. शेवटी ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावला. नाशिकच्या थंडीत, चांगली पळवल्यावरही कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान ६०-६५ अंशांच्या वर जाईना!

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तिचं हाउसिंग (बसायची जागा) उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. गाडी गरम होऊ नये म्हणून आधी कुणीतरी काढून टाकलेला. आपल्याकडे हा उपाय सर्रास करतात आणि तो चुकीचाच आहे. इंजिन थंड आहे असं सेन्सरने सांगितलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो. शिवाय थंड ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं.

नवा थर्मोस्टॅट आणला, त्यावर ८२ कोरलेलं, म्हणजे ८२ अंशांना उघडायला लागणारा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला. पाणी उकळायच्या बरंच आधी झडप हळूहळू उघडली, गार झाल्यावर मिटली. बसवताना त्याचं हवा जायचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवा. गॅस्केट नवंच घाला. कूलंट भरून, हीटर फुल ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका.

आता तापमान ८५-९० ला स्थिर असतं. टाकी फुल टू फुल मोजून हायवेला १६ च्या आसपास मिळतंय. तापमानाचा काटा नेहमी खालीच राहत असेल तर आधी हेच तपासा.