आजोबांच्या नावचा उतारा: शेताच्या वारसात या चुका टाळा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठेही जा. उतारा आजोबांच्या नावावर, ऊस लावतो नातू आणि सोसायटीचं कर्ज चुलत्याच्या खात्याला. म्हातारं माणूस हयात आहे तोवर हे खपून जातं.

सगळ्यात महाग पडते ती वर्दीलाच, म्हणजे उताऱ्यावरच्या नोंदीसाठी दिलेल्या अर्जालाच, वाटणी समजण्याची चूक. भावांनी तलाठ्याकडे वर्दी दिली, उतारे वेगळे झाले, विषय मिटला असं धरून चालतात. पण उताऱ्यावरची नोंद महसुलापुरती असते, तिने मालकी ठरत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे. वडील त्याआधी वारले एवढ्यावरून तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रजिस्टर वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या तोंडी वाटणीवर कोर्ट सहसा विसंबत नाही. "लग्नात सोनं घातलं की तिला" हे तर उत्तरच नव्हे. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर करा. आणि तिला विचारा आधी, सहीच्या दिवशी नको.

मृत्युपत्रात वडील सगळंच थोरल्याला लिहून मोकळे होतात. स्वकष्टार्जित जमीन हवी त्याला देता येते, वडिलार्जितात मात्र स्वतःच्या हिश्श्यापुरतंच चालतं. दोन साक्षीदार लागतातच. रजिस्टर करण्याची सक्ती नाही, तरी करावं. मृत्युपत्र मराठीतही चालतं. कन्नडमध्ये टाईप केलेलं असेल तर वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू देऊ नका.

वाटणी एकर-गुंठ्यांत होते आणि पाणी राहून जातं. विहीर धाकट्याच्या तुकड्यात, हेस्कॉमचं वीज कनेक्शन आजोबांच्या नावे, गाडीवाट थोरल्याच्या बांधावरून. पहिल्या उन्हाळ्यातच बोलणं बंद! पाण्याच्या पाळ्या, मोटर जळाली तर खर्च कुणाचा, तोडीच्या वेळी ट्रॅक्टर कुठून निघणार, हे सगळं वाटणीपत्रात आलं पाहिजे. सर्व्हे नंबर फोडायचा तर ११-ई नकाशा, म्हणजे तुकड्याच्या मोजणीचा नकाशा, लागतो, म्हणून मोजणीचा अर्ज वेळेत टाका.

काहींची थोडी जमीन महाराष्ट्रात कागल, गडहिंग्लज, चंदगडकडेही असते. इकडे पौती, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नोंद, झाली म्हणून तिकडचा सातबारा बदलत नाही. वारस नोंद तिकडे वेगळी करावी लागते. दोन्हीकडचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का, तेही बघा. बँकेतला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही लोक विसरतात.

उतारा आजोबांवरच अडकलाय? मधल्या सगळ्यांचे मृत्यूचे दाखले गोळा करा. वर्षभरात नोंद झालेली नसेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. मग वंशवृक्ष काढून नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, पौतीचा अर्ज. वंशवृक्षात आत्या, बहिणी गाळू नका, पुढे तोच कागद अंगावर येतो. हरकत आली तर प्रकरण तहसीलदारांकडे जातं, हक्काचाच वाद असेल तर दिवाणी कोर्टात. तोवर कारखान्याला ऊस कुणाच्या नावे घालायचा ते सगळ्यांच्या सहीने लिहून ठेवा, नाहीतर बिल अडकतं.