शरीरक्रियाशास्त्र आणि मानसशास्त्र शिकायला परदेशी आलेल्यांसाठी

परदेशी विद्यापीठात हे दोन विषय एकत्र घेणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात शरीरक्रियाशास्त्र ओळखीचे वाटते आणि मानसशास्त्र सोपे वाटते. इथे शिकून इथेच स्थिरावल्यानंतर नव्याने येणाऱ्यांशी जे बोलणे होते, त्यावरून सांगतो की हे दोन्ही समज पहिल्या निकालापर्यंतच टिकतात.

विश्रांत चेतापेशीच्या आतील विद्युतदाब बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो, हे पाठ करायला वेळ लागत नाही. परीक्षेत मात्र विचारतात की पेशीबाहेरचे पोटॅशियम वाढले तर हा आकडा कोणत्या दिशेने सरकेल आणि का. तो शून्याकडे सरकतो. पण गुण या उत्तराला कमी आणि आयनांच्या हालचालीवरून केलेल्या कारणमीमांसेला जास्त असतात. त्यामुळे आकृती पाठ करण्यापेक्षा तिच्यातील एकेक घटक बदलून परिणाम काय होईल, हे कागदावर मांडण्याची सवय लावून घ्यावी.

मानसशास्त्राच्या निबंधात अडचण वेगळी असते. शारीरिक बदलांची जाणीव म्हणजेच भावना, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये मांडले. निरनिराळ्या भावनांत आंतरिक अवयवांतील बदल बरेचसे सारखेच असतात आणि ते घडतातही सावकाश, असा आक्षेप शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये घेतला. आपल्याकडून आलेला विद्यार्थी दोन्ही मते नेटकेपणाने लिहितो आणि तिथेच थांबतो. परीक्षकाला हवे असते ते यानंतरचे, म्हणजे कोणता आक्षेप कोणत्या पुराव्यावर उभा आहे आणि तो पुरावा त्या आक्षेपाचा भार कितपत पेलतो. मोठ्या नावांशी मतभेद नोंदवणे इथे उद्धटपणाचे मानले जात नाही, मात्र त्याला आधार द्यावा लागतो.

हे दोन विषय खऱ्या अर्थाने भेटतात ते प्रयोगशाळेत. मानसिक ताणाच्या अभ्यासासाठी १९९३ पासून वापरात असलेल्या ट्रियर चाचणीत सहभागी व्यक्तीला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर भाषण करावे लागते आणि मग १०२२ मधून १३ वजा करत जावे लागते. चुकल्यास पुन्हा आरंभापासून. हृदयाचे ठोके काही क्षणांतच वाढतात, पण लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी शिखरावर पोहोचायला ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ४० मिनिटे लागतात, कारण संदेशाला मेंदूतील हायपोथॅलॅमसपासून पीयूषिका ग्रंथीमार्गे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीपर्यंत रक्तावाटे प्रवास करायचा असतो आणि मग संप्रेरक तयार व्हायचे असते. भाषण सुरू होताच नमुना घेणाऱ्याला ताण दिसणारच नाही. शिवाय कॉर्टिसॉल सकाळी मुळातच जास्त असल्याने असे प्रयोग बहुधा दुपारी ठेवतात. शरीराचे वेळापत्रक ठाऊक नसेल तर मनाविषयीचा निष्कर्ष कसा चुकतो, हे यातून नेमके कळते.

संख्याशास्त्राचा तास चुकवू नये. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा पुनर्प्रयोगांपैकी सुमारे ३६ टक्क्यांतच संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी असलेला, निकाल हाती आला. त्यानंतर नमुन्याचा आकार आणि विश्लेषणाची आधी नोंदवलेली योजना यांविषयी प्राध्यापक फार काटेकोर झाले आहेत, आणि ते योग्यच आहे.

अनेक विभागांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गांच्या संशोधनात सहभागी होण्याबद्दल क्रेडिट मिळते. संमतिपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. प्रयोग मध्येच सोडण्याचा हक्क आपल्याला असतो. गुरुजनांना नाही म्हणायचे कसे, या संकोचापायी आपली मुले तो वापरत नाहीत. सहभाग नकोच असेल तर पर्यायी काम मागता येते.

मनोविकारांचा भाग सुरू झाला की प्रत्येक लक्षण स्वतःत दिसू लागते. ते बहुतेकांना दिसते. त्रास खराच वाटला तर वर्गातील टिपणांवरून निदान न करता विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावे.

घरच्या मंडळींना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी, कारण हा गैरसमज फार चिवट आहे: या पदवीने कोणी डॉक्टर होत नाही आणि मानसोपचाराचा परवानाही आपोआप मिळत नाही. त्यासाठी पुढचे प्रशिक्षण आणि त्या त्या देशाची नोंदणी लागते. कोणते ऐच्छिक विषय त्या नोंदणीसाठी ग्राह्य धरतात, हे दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरण्यापूर्वी विभागाकडून लेखी विचारून घ्यावे.