जुन्या फिल्म कॅमेऱ्याला मोटर वाइंडर जोडताय? या चुका टाळा

नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत फिल्म कॅमेरा घेऊन उतरणाऱ्याला वाइंडर, म्हणजे शटर मारल्यावर फिल्म मोटरने पुढे सरकवणारा जोड, हवासा वाटतोच. इतवारीच्या गर्दीत व्ह्यूफाइंडरवरून डोळा न काढता पुढची फ्रेम तयार मिळते, ही मोठी सोय आहे. पण जुन्या बॉडीला (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला) वाइंडर जोडताना घाई केली, तर चांगला चालणारा कॅमेराही दुकानात न्यावा लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बॉडी हाताने न तपासता थेट मोटर लावणे. आधी रिकामा कॅमेरा दहा-पंधरा वेळा हाताने वाइंड करा, शटर मारा. लिव्हर मध्येच जड होतो का, खरखर लागते का, हे अंगठ्याला लगेच कळतं. मोटरला ते कळत नाही, ती अडलेलं गिअरही ओढत राहते. नागपूरचे ४५ अंशांचे उन्हाळे वर्षानुवर्षं कपाटात काढलेल्या बॉडीत ग्रीस सुकलेलं असण्याची शक्यता मोठी. कॅनन एई-१ शटर मारताना किंचाळल्यासारखा आवाज करत असेल, तर आधी सर्व्हिसिंग करून घ्या. यात तडजोड नको.

दुसरी चूक खरेदीतली. एकाच कंपनीचं आहे म्हणजे बसेलच, असं नसतं. एई-१ ला पॉवर वाइंडर ए चालतो, पण मोटर ड्राइव्ह एमए (वाइंडरचाच जास्त वेगवान प्रकार) चालत नाही. तो ए-१ आणि एई-१ प्रोग्रामसाठी आहे. ऑलिम्पसच्या अगदी सुरुवातीच्या ओएम-१ ला वाइंडर थेट लागत नाही, म्हणून बॉडीच्या पुढच्या बाजूला ‘एमडी’ लिहिलंय का ते पाहूनच पैसे द्या. निकॉन एफएम किंवा एफई असेल तर एमडी-११ मोटर ड्राइव्हपेक्षा एमडी-१२ घ्या. एमडी-११ चालू राहिला की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटरही चालूच राहतो आणि बॅटरी उतरते.

जोडताना दोन्हीकडचे स्विच बंद हवेत. अनेक बॉडींच्या तळाला कपलरवर (मोटर जिथे कॅमेऱ्याच्या गिअरला जोडली जाते त्या भागावर) झाकण असतं, ते काढून डबीत जपून ठेवा. हरवलं तर वाइंडर नसताना तिथून धूळ आत जाते. वाइंडर ट्रायपॉडच्या आट्यांतच बसतो. तो सरळ बसत नसेल तर दाबू नका. काढा, लिव्हर पूर्ण फिरवून एकदा शटर मारा आणि पुन्हा बसवा. स्क्रू फक्त बोटांनी आवळा. पक्कड लावली की आटे गेलेच. उलट ढिला राहिला, तर काही फ्रेमनंतर कपलर सरकतो आणि वाइंडर नुसता घरघरतो.

‘वाइंडर बंद पडला’ या तक्रारीत दोष बहुतेकदा सेलचा असतो. साधे झिंक-कार्बनचे पेन्सिल सेल भिंतीवरचं घड्याळ चालवतात, मोटरचा भार पेलत नाहीत. अल्कलाइन वापरा, आणि सगळे नवे, एकाच कंपनीचे. एई-१ मध्ये वाइंडरचे सेल फक्त मोटर चालवतात; शटरसाठी कॅमेऱ्याची ६ व्होल्टची बॅटरी वेगळीच लागते. ती उतरली की शटर पडत नाही आणि बोल वाइंडरला लागतो. निकॉन एफ३ चं गणित उलटं आहे, तिथे एमडी-४ मोटर ड्राइव्हचे सेल कॅमेऱ्यालाही वीज देतात.

सेल फुटून आत थर जमला असेल, तर सरसकट व्हिनेगर लावू नका. अल्कलाइनच्या थराला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चालतो. झिंक-कार्बनचा थर आम्लधर्मी असतो, त्याला पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॉन्टॅक्टवर खोडरबर घासू नका, वरचा मुलामा निघतो.

फिल्म भरण्याआधी मागचं दार उघडं ठेवून मोटर चालवून पाहा. स्पूल (फिल्म गुंडाळणारं रीळ) आणि दातेरी चाक प्रत्येक फ्रेमला सारखंच फिरायला हवं. मग फिल्म भरा, रिवाइंडच्या दांडीने ढील काढा आणि फिल्म सरकताना ती दांडी उलटी फिरते का ते बघा. बटण दाबून धरलं की फोटो निघत राहतात, त्या सलग मोडवर मात्र नीट विचार करून जा. सेकंदाला २ फ्रेमच्या वेगाने ३६ चा रोल १८ सेकंदांत संपतो.

रोलच्या शेवटी मोटर अडली, तर बटण दाबून धरू नका. फिल्मची छिद्रं फाटतात. वाइंडर बंद करून रिवाइंड करा, तेही सावकाश. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते, की वेगाने गुंडाळलेल्या फिल्मवर स्थिर विजेच्या ठिणग्या पडतात आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा उमटतात.