लाकडाच्या वखारीत पहिली युनियन काढायची असेल तर

आपल्या कर्नाटकातल्या खानापूर, लोंढा, अळणावर भागात वखारीत नाहीतर सॉ मिलमध्ये युनियनचा विषय निघाला की मुकादम एकेकाला बाजूला घेतो, मराठी पोरांना सांगतो की ते कन्नडवाले मालकाला जाऊन मिळणार बघा, आणि तिकडं जाऊन नेमकं उलटं सांगतो. म्हणून सुरुवात इथनंच करायची, पहिली बैठक दोन्ही भाषांत घ्या आणि पहिल्या पदाधिकाऱ्यांत दोन्हीकडची माणसं घ्या.

बैठक वखारीत नको, सुट्टीदिवशी कुणाच्यातरी घरी बसा. करवतीवरचा मिस्त्री, ओंडके ओढणारे हमाल, भुसा भरणाऱ्या बायका, सगळे पाहिजेत, बायकांना तर आवर्जून बोलवा नाहीतर त्यांचं राहूनच जातं. भाषणं नकोत, ऐकून घ्या. करवतीच्या पट्ट्याला गार्ड नाही, ओंडक्यात जुना खिळा निघाला की करवतीचा दात उडून तोंडावर येतो, हे ज्याच्या हातावर वण आहे तोच नीट सांगतो, ते तारखेसकट वहीत लिहा. ओव्हरटाईमचे तास पण लिहा, फॅक्टरीत त्याला दुप्पट दर हा हक्क आहे.

फूट पाडायचा हा डाव लई जुना आहे. अमेरिकेत लुइझियानातल्या बोगलुसा या लाकूडतोडीच्या गावात ग्रेट सदर्न लंबर कंपनीविरुद्ध गोरे आणि काळे कामगार एकत्र यायला लागले होते, तिथं 22 नोव्हेंबर 1919 ला काळ्या कामगारांचा पुढारी सोल डॅकस याच्या पाठीशी उभे राहिलेले चार गोरे युनियनवाले गोळीबारात मारले गेले. दुसऱ्या रंगाच्या माणसासाठी जीव गेला त्यांचा, आणि आपण पाटीच्या भाषेवरनं एकमेकांशी बोलायचं सोडतो, हे मला अजिबात पटत नाही.

आता कागद. रजिस्ट्रेशनच्या अर्जावर कमीत कमी 7 जणांच्या सह्या लागतात, आणि सभासद हवेत तिथल्या एकूण कामगारांच्या 10 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल तेवढे, पण 7 च्या खाली नाही. हे 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात होतं आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत पण तेच आहे. नियमावली बैठकीत मोठ्यानं वाचून मंजूर करा, वर्गणीची पावती पहिल्या रुपयापासून फाडा, हिशोबात घोळ झाला की मालकाला काही करायलाच लागत नाही. अर्ज कन्नडमध्ये लिहा, त्यात कमीपणा कसला, ऑफिसात काम लवकर पुढं सरकतं, घरी मराठी प्रत ठेवा.

कुणाला युनियनमुळं कामावरनं काढलं तर रागाच्या भरात त्याच दिवशी गेट बंद करू नका. संपाला 14 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि निम्मे किंवा जास्त लोकांनी मिळून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरतात, त्यामुळं ती पळवाट नाही. युनियनमध्ये आहे म्हणून काढणं ही अनुचित प्रथा आहे, तशी लेखी तक्रार कामगार खात्यात द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथनं उठू नका. काढलेल्या माणसाच्या घरी त्या आठवड्याचं रेशन वर्गणीतनं पोचवा, तेही दोघांनी जाऊन, एक मराठी बोलणारा आणि एक कन्नड.